विशेष मूल : उपचार शहरात, आधार गावात

मुलांच्या उशिरा बोलण्याविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे अशा आईवडिलांची आहेत, की ज्यांच्या मुलाचे निदान कधीच होऊन गेले आहे. कोणाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्यामुळे हातपाय ताठर किंवा लुळे राहिले आहेत. कोणाच्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. कोणाचा मुलगा स्वमग्न आहे. मिरज, कोल्हापूर, पुणे, मुंबई सगळे करून झाले आहे. फाइल जाड झाली आहे आणि पासबुक हलके झाले आहे.

या पत्रांत औषधाचे नाव फारसे कोणी विचारलेले नाही. विचारले आहे ते वेगळेच. "डॉक्टर, आता घरी आम्ही काय करायचे?" "बागेत कामाला जायचे तर याला कोणाजवळ ठेवायचे?" "आमच्या बाजूला असे दुसरे कोणी आहे का?" जत तालुक्यातल्या एका वडिलांनी पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली आहे : "आमच्या माघारी याचे कसे?"

साधा हिशेब करून पाहा. मोठ्या शहरातले तज्ज्ञ तीन महिन्यांतून एकदा मुलाला पाहतात. त्या भेटीत अर्धा तास मिळाला तर नशीब. उरलेले नव्वद दिवस ते मूल तासगाव, विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ इथल्या आपापल्या घरी असते. तज्ज्ञांची गरज आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या नव्वद दिवसांचा आधार पुण्याहून येणार नाही. तो गावातच उभा करावा लागतो आणि करता येतो. आजचा लेख त्याविषयी आहे.

ज्यांचे निदान अजून झालेले नाही

हे सदर वाचणाऱ्या काही घरांत अजून "बोलेल हळूहळू, याचा बाबाही उशिराच बोलला" असे चालू असेल. त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. दोन महिन्यांचे बाळ ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. चार महिन्यांत मान धरते. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसते. वर्षाचे झाल्यावर नावाने हाक मारली की वळून पाहते. दीड वर्षापर्यंत चालते आणि दोन वर्षांचे झाल्यावर दोन शब्द जोडून बोलते. यांपैकी काही होत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले असेल, तर थांबू नये. बोलणे नसेल तर सर्वांत आधी कानाची तपासणी करावी. ऐकूच येत नसेल तर मूल बोलणार कसे?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ साली सुरू झाला. त्यातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार त्यात मोफत आहे. पथक आपल्या अंगणवाडीत कधी येणार हे सेविकेला विचारावे, आणि त्या दिवशी मुलाला घरी लपवून ठेवू नये. लपवून ठेवतात, म्हणूनच हे लिहावे लागते.

दोष कोणाचा, हा प्रश्न आता पुरे

असे मूल जन्मले की घरात पहिली चौकशी आईची होते. ग्रहणात काही चिरलेस का? उपास केलेस का? तुझ्या माहेरी कोणी असे होते का? ग्रहणाचा आणि बाळाच्या मेंदूचा काहीही संबंध नाही. लहानपणी आईवडिलांनी लक्ष दिले नाही म्हणून मूल स्वमग्न होते, हेही खरे नाही. गोवराच्या लसीने स्वमग्नता येते ही समजूत तर मोठमोठ्या पाहण्यांनी खोटी ठरवली आहे. डाऊन सिंड्रोममध्ये पेशीतील एक गुणसूत्र जास्त असते आणि तो बहुधा निव्वळ योगायोग असतो. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत आहे. काही आनुवंशिक आजारांत अशा लग्नांमुळे धोका वाढतो, सगळ्या आजारांत नव्हे. पुढचे मूल हवे असेल तर त्याबद्दल तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. पण झालेल्या मुलासाठी सुनेला किंवा सासरच्या घराण्याला बोल लावून मुलाचा हात वळू लागत नाही. व्यायाम केल्याने मात्र थोडाफार वळतो.

आईची पाठ

माझ्या दवाखान्यात एक बाई कंबरदुखीसाठी येत. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरे, पुन्हा तेच. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, वजन अठ्ठावीस किलो. पायांत ताठरपणा असल्यामुळे चालत नाही. दिवसातून दहा-बारा वेळा त्या त्याला एकट्या उचलत. अंथरुणातून ओसरीवर, ओसरीवरून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा आत. दुपारी द्राक्षबागेतली मजुरी. त्यांची कंबर कोणत्या गोळीने बरी होणार होती?

उपाय सांगितला तो दुसऱ्या एका आईने. तिने प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला गोल छिद्र पाडून घेतले होते, पायांना लाकडी चौकट ठोकून खुर्ची पक्की केली होती आणि कमरेला जुन्या ओढणीचा पट्टा बांधला होता. ती खुर्ची न्हाणीत ठेवली की मुलगा तिच्यावर शौचाला बसतो आणि तिच्यावरच अंघोळ करतो. दुसरी खुर्ची सुताराने काटकोनात दोन फळ्या जोडून बनवली. भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली. तिच्यात मूल न कलंडता बसते, त्याचे हात मोकळे राहतात आणि समोर पाट ठेवला की ते स्वतः जेवायला शिकते. फिजिओथेरपीच्या पुस्तकात ही खुर्ची आहेच, पण या बाईपर्यंत ती पुस्तकातून पोचली नाही, शेजारच्या गावच्या बाईकडून पोचली. उचलण्याचे प्रसंग दहावरून चारवर आले आणि गोळ्या बंद झाल्या.

मुलाला उचलताना कमरेतून वाकू नये. गुडघे वाकवावेत, मूल छातीशी घट्ट धरावे, आणि उचललेल्या स्थितीत कंबर पिळवटू नये, पाय वळवून फिरावे. वजन वीस किलोच्या पुढे गेले की शक्यतो दोघांनी उचलावे.

अशा घरात मुलाची फाइल असते, आईची नसते. तिचे रक्त किती, झोप किती, हे कोणी विचारत नाही. महिनोन् महिने झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, "दोघांनी मिळून विहीर जवळ करावी" असे विचार मनात येत असतील, तर तो दुबळेपणा नाही. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. तिने डॉक्टरांना सांगावे, आणि घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. या बाबतीत पहिले औषध म्हणजे आठवड्यातून तीन तासांची सुट्टी. ती देणे सासू, नणंद, नवरा यांच्या हातात आहे.

महाराष्ट्रात हे आधी घडले आहे

पालकांनी एकत्र येऊन काही उभे करणे ही नवी कल्पना नाही. पुण्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी 'कामायनी' शाळा १९६४ साली सुरू झाली. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तिच्यामागे त्यांच्या स्वतःच्या मुलीला असलेली सेरेब्रल पाल्सी होती. बदलापूरची 'आधार' ही संस्था पालकांनीच उभारली. मुले मोठी झाली, आपण म्हातारे होत चाललो, मग पुढे काय, या काळजीतून ती जन्मली. पोस्टकार्डावर एक ओळ लिहिणाऱ्या त्या वडिलांचा प्रश्न हाच आहे. देशभरातील पालक संघटनांचा 'परिवार' नावाचा महासंघ १९९५ सालापासून आहे.

खेळ आणि विरंगुळा यांचेही तसेच. पुण्यात गणेशखिंडीजवळ बालकल्याण संस्था आहे. तेथे निरनिराळ्या शाळांतील दिव्यांग मुले खेळायला, पोहायला, गाणी-नाच शिकायला जातात. पुण्याच्याच गौरी गाडगीळ या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीने पोहण्यात पदके मिळवली आणि २०१४ च्या 'यलो' या मराठी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. गौरीला पाण्यात जाण्याची संधी मिळाली, हे इथे महत्त्वाचे आहे. आपल्या तालुक्यातल्या मुलांना पदक नको, पण आठवड्यातून एकदा घराबाहेर पडून चार मुलांत खेळण्याची संधी द्यायला काय हरकत आहे?

पाच कुटुंबे, एक खोली, एक सतरंजी

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी पाच कुटुंबांनी असा मेळ सुरू केला. आज पंधरा-सोळा कुटुंबे येतात. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. त्यांच्याकडून पाहून शिकलो ते इथे देतो, म्हणजे दुसऱ्या गावांना उपयोग होईल.

जागा : शनिवारी प्राथमिक शाळा सकाळची असते. दुपारी वर्ग रिकामे असतात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज दिला की तळमजल्यावरची एक खोली मिळते. पायऱ्या नसलेली, पाण्याची सोय आणि स्वच्छतागृह जवळ असलेली खोली निवडावी. मंदिराचा सभामंडपही चालतो, पण उत्सवाच्या दिवसांत अडचण होते.

वेळ : महिन्यातून दोन शनिवार, दोन तास. त्याहून जास्त ठरवू नये. सुरुवातीच्या उत्साहात दर आठवड्याला ठरवतात आणि ऑक्टोबरची छाटणी आली की कोणी येत नाही. मग मेळ मोडतो. हंगामाच्या दिवसांत महिन्यातून एकदाच भेटावे, पण भेटावे.

मुलांनी काय करायचे : महागडी खेळणी लागत नाहीत. एका घमेल्यात वाळू, एकात पाणी आणि दोन-चार वाट्या. बोटांची पकड सुधारण्यासाठी मटार सोलणे, शेंगा फोडणे, कपड्याचे चिमटे दोरीवर लावणे. आपल्याकडे बेदाणा घरोघरी असतो. लहान-मोठा, हिरवा-काळा असा बेदाणा निवडणे हा डोळे आणि हात यांचा उत्तम व्यायाम आहे. एक अठरा वर्षांची मुलगी हे काम इतक्या नेटाने करू लागली, की आता ती आईबरोबर निवडणीच्या कामाला जाते आणि तिच्या हाताला दाम मिळतो. चेंडू फेकणे, लेझीम, झांजा, भजनाचा ठेका ही मुलांची आवडीची कामे. काही स्वमग्न मुलांना मोठा आवाज सहन होत नाही, ती कानांवर हात ठेवतात. त्यांच्यासाठी खोलीचा एक कोपरा शांत ठेवावा आणि त्यांना तिथे बसू द्यावे. ती मुले सामील नाहीत असे समजू नये. ती आपापल्या पद्धतीने आलेलीच असतात.

पालकांनी काय करायचे : पहिला अर्धा तास नुसते बोलायचे. कोणाच्या मुलाला बद्धकोष्ठ, कोणाच्या मुलाला रात्री झोप नाही, कोणाला प्रमाणपत्राची तारीख मिळत नाही. दहांतील सहा प्रश्नांची उत्तरे त्याच सतरंजीवर मिळतात. उरलेल्यांसाठी महिन्यातून एकदा कोणाला तरी बोलवावे. कधी फिजिओथेरपिस्ट, कधी दाताचे डॉक्टर, कधी विशेष शिक्षक, कधी तहसील कचेरीतला जाणता कारकून. मी वर्षातून दोनदा जातो आणि बहुधा ऐकण्याचेच काम करतो.

वडील : सुरुवातीला वडील मोटारसायकलवरून मायलेकरांना सोडून चहाच्या टपरीवर बसत. मग कोणीतरी त्यांना खुर्च्या ठोकायचे काम दिले. हातात हातोडी आली आणि तोंडे उघडली. पुरुषांना नुसते "बोला" म्हटले तर बोलत नाहीत, काम करताना बोलतात.

भावंडे : यांना विसरू नये. दादाला ताप आला तरी धाकट्याची फिट आधी, असे ज्या घरात नेहमी होते तिथले धडधाकट मूल मुकाट्याने कोमेजते. शाळेत चिडवतात ते वेगळेच. मेळाला त्यांनाही आणावे. पण त्यांना कायम 'सांभाळणारे' करू नये. त्यांचा स्वतःचा क्रिकेटचा डाव होऊ द्यावा.

एक नियम मात्र पक्का हवा. तुलना करायची नाही. "माझा चालायला लागला, तुमचा अजून नाही?" हे वाक्य ज्या खोलीत उच्चारले जाते, तिथली दोन कुटुंबे पुढच्या शनिवारी येत नाहीत.

जिवाशी गाठ असलेल्या तीन गोष्टी

मेळातल्या प्रत्येकाला या तीन गोष्टी पाठ हव्यात.

पहिली, फिट. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, गळ्याभोवतीचा कपडा सैल करावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी फिट आली, तर तडक दवाखाना गाठावा. फिटची गोळी "आता बरा आहे" म्हणून आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

दुसरी, पाणी. काही स्वमग्न मुले नजर चुकवून निघून जातात आणि पाण्याकडे त्यांची ओढ असते. आपल्या भागात विहिरी आहेत, आता जागोजागी शेततळीही आहेत. शेततळ्यातला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो, की पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण हवेच. शिवाय काठाला पक्की बांधलेली, गाठी मारलेली दोरी आत सोडलेली असावी. मुलाच्या मनगटात किंवा करगोट्याला वडिलांचा फोन नंबर कोरलेली पट्टी असावी. मूल दिसेनासे झाले तर सर्वांत आधी पाण्याकडे धावावे, रस्त्याकडे नंतर.

तिसरी, भरवणे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवे झोपवून भरवू नये. बसवून, पाठीला आधार देऊन, हनुवटी किंचित खाली ठेवून लहान चमच्याने भरवावे. पातळ पेजेपेक्षा घट्टसर मऊ भात सुरक्षित. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा वर्षातून दोन-तीनदा छाती भरत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. ते डॉक्टरांना सांगावे.

सरकारी दारे कोणती?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानतो. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास बहुतेक सवलती मिळतात. सुरुवात प्रमाणपत्रापासून आणि 'स्वावलंबन' म्हणजे यूडीआयडी कार्डापासून करावी. अर्ज संगणकावर भरून तपासणीसाठी नेमलेल्या शासकीय रुग्णालयात जावे लागते. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा मुदतीचे असते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे.

शाळा : अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवण्याचीही तरतूद आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण अर्ज वेळेत शाळेमार्फत जायला हवा. अंगणवाडीत दिव्यांग मुलांना कसे सामावून घ्यावे यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. सेविका "याला नका आणू" म्हणाली तर भांडू नये, या कार्यपद्धतीची आठवण करून द्यावी.

गावाचा निधी : ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत एकटी आई उभी राहिली तर "बघू" म्हणतात. सहा कुटुंबे एकत्र अर्ज घेऊन उभी राहिली तर ठराव होतो. मेळाचा हा सर्वांत रोकडा फायदा.

पैसा आणि प्रवास : संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही सोबत्यासह सवलत मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

बुद्धी वाढवणारे टॉनिक, मूलपेशी उपचार यांचा उपयोग होतो का?
बुद्धी वाढवणारे कोणतेही टॉनिक नाही. मूलपेशींविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांव्यतिरिक्त तो मान्य उपचार नाही. त्यासाठी जमीन विकू नका. तोच पैसा फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारावर खर्च करा.

मुलगी वयात आली. पाळीचे तिला जमणार नाही, गर्भाशय काढून टाकावे का?
नाही. केवळ सोयीसाठी अशी शस्त्रक्रिया करू नये. पाळी येण्याआधीच वर्षभर बाहुलीवर, मग रिकामा पॅड लावून रोज सराव करून घ्यावा. वेळ लागतो, पण पुष्कळ मुली शिकतात. "गर्भाशय काढले की कोणी त्रास देणार नाही" असेही काही जण म्हणतात. शस्त्रक्रियेने फार तर गर्भ राहणार नाही, अत्याचार टळणार नाही. शरीराला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हे मुलींना आणि मुलग्यांनाही चित्रे दाखवून पुन्हापुन्हा शिकवावे.

लग्न केले की सुधारेल, असे नातेवाईक म्हणतात.
लग्न हा उपचार नाही. खरे न सांगता केलेल्या लग्नात दोन आयुष्यांची ओढाताण होते.

आमच्या माघारी काय?
याचे एका ओळीत उत्तर नाही, पण तयारी करता येते. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. जमीन आणि ठेवी यांविषयी वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे. आणि तिसरी तयारी म्हणजे मुलाला घराबाहेरची माणसे ओळखू लागली पाहिजेत. जो मुलगा वीस वर्षे माजघरात होता, त्याला आईबापांच्या माघारी कोण विचारणार? ज्याला दुकानदार, कंडक्टर, शाळेचे शिपाईकाका नावाने ओळखतात, त्याच्यासाठी चार हात पुढे येण्याची शक्यता तरी असते.

बाकीच्यांनी काय करावे?

१९९१ साली 'चौकट राजा' पाहून आपण सगळे रडलो होतो. थिएटरबाहेर मात्र नंदूसारखा मुलगा दिसला की माणसे टक लावून पाहतात, नाहीतर मान फिरवतात. दोन्ही नको. इतर मुलांना जसे "काय रे, जेवलास का?" विचारतो तसे त्यालाही विचारावे. उत्तर आले नाही तरी चालेल.

आमच्याकडच्या एका केशकर्तनालयाच्या मालकाने मंगळवारची दुपार अशा मुलांसाठी ठेवली आहे. तेव्हा गर्दी नसते, रेडिओ बंद असतो, मशिनऐवजी कात्री असते. ज्या मुलाचे केस कापायला घरात चौघे धरायला लागत, तो आता खुर्चीत बसतो. एका गणेश मंडळाने मिरवणूक त्या मुलाच्या घरासमोरून जाताना वाद्ये थांबवण्याचे ठरवले आणि पाळले. यात खर्च एक पैशाचा नाही.

ज्या घरांनी पत्रे पाठवली, त्यांना एवढेच सुचवतो, की पुढचे पत्र लिहिताना मुलाचे वय, तालुका आणि आपला पत्ता लिहावा. दुसऱ्या कुटुंबाला पत्ता कळवण्यास हरकत नसेल तर तसेही लिहावे. आलेल्या पत्रांतच जत तालुक्यातली चार, आटपाडीतली तीन आणि खानापूर तालुक्यातली पाच कुटुंबे आहेत. त्यांना एकमेकांची माहिती नाही. पाच कुटुंबांत मेळ सुरू होतो, हे वर लिहिलेच आहे.

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील जुलाब आणि घरचे साखर-मिठाचे पाणी.